मॉड शिकवणाऱ्या विकीनं किती बोलावं?

‘स्टारड्यू व्हॅली’ या खेळातल्या गावात ॲबिगेल नावाची मुलगी राहते. दुकानदाराची लेक, जांभळ्या केसांची, जराशी बंडखोर. खेळाडू तिच्याजवळ गेला की वार, ऋतू, पाऊस आणि मैत्री कितपत मुरली आहे हे बघून ती एखादं वाक्य बोलते. आता समजा, आठवीतल्या एका मुलीला वाटलं की ॲबिगेलनं सोमवारी आपण लिहिलेलं वाक्य म्हणावं. हे करता येतं. खेळ बनवणाऱ्याची त्याला हरकत नाही आणि त्यासाठी प्रोग्रामिंगही यावं लागत नाही. दोन छोट्या फाइल लिहायच्या, ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायच्या, की झालं. हे ‘झालं’ अर्थात ज्याला येतं त्याचं. त्या मुलीची अख्खी संध्याकाळ त्यात जाऊ शकते. ती वाचवण्याची जबाबदारी ज्या पानावर आहे, त्यानं किती बोलावं आणि कुठे गप्प बसावं, यावर मॉड करणाऱ्यांमध्ये कायम वाद असतो.

मॉड म्हणजे खेळाडूंनी खेळात केलेला बदल. कधी तो एका वाक्याचा असतो, कधी त्यातून नवा खेळच उभा राहतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये आला तो ‘हाफ-लाइफ’ या खेळाचा मॉड म्हणून. या परंपरेला मोठी चालना मिळाली ती १९९३ च्या ‘डूम’मुळे. त्याच्या निर्मात्यांनी नकाशे, चित्रं आणि आवाज मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवले होते, त्यामुळे ती फाइल बदलली की खेळ बदलायचा. वर्षभरात या फाइलची रचना बाइट-बाइट उलगडून सांगणारा एक मजकूर खेळाडूंमध्ये फिरू लागला. कितव्या बाइटपासून काय सुरू होतं आणि त्याची लांबी किती, अशी सगळी जंत्री त्यात होती. ज्यांना नकाशे बनवण्याची साधनं लिहायची होती त्यांच्यासाठी ते सोनं होतं. नवख्यासाठी त्यात काहीच नव्हतं, आणि तसं असण्यात काही चूकही नव्हती.

घोटाळा होतो तो जंत्रीलाच धडा समजलं की.

स्टारड्यू व्हॅली हे उदाहरण घेण्याचं कारण असं की मॉडविषयीचं तिथलं लिखाण मुबलक आहे आणि बऱ्यापैकी विचारानं केलेलं आहे. एरिक बॅरोन यानं जवळपास एकट्यानं बनवलेला हा शेतीचा खेळ २६ फेब्रुवारी २०१६ रोजी बाजारात आला. सुरुवातीला मॉड करणारे खेळाच्या मूळ फाइलच उचलून बदलायचे. दोन मॉडना एकाच फाइलमध्ये बदल करायचा असेल तर दुसरा पहिल्याला पुसून टाकायचा, आणि खेळाची नवी आवृत्ती आली की सगळंच कोसळायचं. आता ‘स्मॅपी’ नावाचा एक प्रोग्राम खेळ सुरू करतो आणि सोबत मॉड चढवतो. ‘कंटेंट पॅचर’ हा दुसरा मॉड साध्या मजकुराच्या फाइलमधून सूचना वाचतो आणि मूळ फाइलला हात न लावता खेळ चालू असताना बदल घडवतो. खेळाच्या अधिकृत विकीवर मॉडिंगचा स्वतंत्र विभाग आहे. कंटेंट पॅचरची मार्गदर्शिका मात्र वेगळ्या ठिकाणी, त्याच्या कोडसोबत आहे. म्हणजे नवख्याला पहिल्याच दिवशी दोन-तीन टॅब उघडून बसावं लागतं.

आपली आठवीतली मुलगी काय करते ते जरा जवळून पाहू. ती ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये आपलं नवं फोल्डर बनवते. त्यात ‘मॅनिफेस्ट’ नावाची फाइल करायची. मॉडचं नाव, लेखकाचं नाव, आवृत्ती, दुसऱ्या कुणाचा नसेल असा ओळखक्रम आणि हा मॉड कंटेंट पॅचरसाठी आहे ही नोंद, एवढं त्यात असतं. दुसरी फाइल ‘कंटेंट’. तिच्यात सांगायचं की ॲबिगेलच्या संवादांच्या यादीत ‘सोमवार’ या नोंदीसमोर अमुक वाक्य घाल. दोन्ही मिळून पंचवीसेक ओळी. त्या विकीवर दिलेल्या असतात, ती त्या उतरवून घेते. खेळ सुरू करते. काहीही होत नाही.

काहीही न होण्याची कारणं पाहिली की तपशिलाचा प्रश्न नेमका कुठे आहे ते कळतं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. नोटपॅडमध्ये लिहून तिनं ‘मॅनिफेस्ट डॉट जेसन’ या नावानं फाइल जतन केली. प्रत्यक्षात ती झाली ‘मॅनिफेस्ट डॉट जेसन डॉट टीएक्सटी’. पडद्यावर नाव अगदी बरोबर दिसतं. स्मॅपीच्या दृष्टीनं मात्र त्या फोल्डरमध्ये मॅनिफेस्टच नाही. किंवा तिनं नेहमीच्या सवयीनं स्टीम या खेळांच्या दुकानाच्या प्रोग्राममधून खेळ सुरू केला, स्टीममध्ये स्मॅपीची जोडणी केलेलीच नव्हती, म्हणजे स्मॅपी चाललंच नाही. किंवा तिनं मजकूर वर्डमध्ये लिहून इथे चिकटवला आणि सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वर्डनं वाकडी, नक्षीदार चिन्हं घातली. एखादा स्वल्पविराम राहून गेला असेल, तर तेही पुरे. यातली एकही गोष्ट मॉडिंगची नाही. म्हणूनच विकी लिहिणाऱ्या जाणकाराला ती सुचत नाही. त्याच्या संगणकावर फाइलची शेपटं कित्येक वर्षांपूर्वीच दिसू लागलेली असतात.

माझ्या मते पहिल्या पानावर तपशील हवा तो इथे. मॅनिफेस्टच्या प्रत्येक रकान्याचा अर्थ, आवृत्तीचा आकडा कसा वाढवायचा याचे संकेत, ओळखक्रमाच्या नियमांचे अपवाद, हे सगळं पुढच्या पानावर जाऊ द्या. पण फाइलची शेपटं दिसतील असं कसं करायचं, हे पहिल्या पानावर हवंच.

त्याहून मोलाची एक ओळ असते. स्मॅपी सुरू झालं की एक काळी खिडकी उघडते आणि तिच्यात चढवलेल्या मॉडची यादी येते. तुमचा मॉड ‘कंटेंट पॅचरसाठी’ अशा नोंदीसह त्या यादीत दिसतो. जे चढवता आले नाहीत ते लाल अक्षरांत कारणासकट येतात. पानावर फक्त एवढं लिहा: “काळ्या खिडकीत तुमच्या मॉडचं नाव शोधा. दिसलं तर मॅनिफेस्ट बरोबर आहे, चूक दुसऱ्या फाइलमध्ये आहे. नाव लाल असेल किंवा नसेलच, तर फोल्डर आणि मॅनिफेस्ट तपासा.” या तीन वाक्यांनी अडचण निम्म्यावर येते. पायरी सांगणारे पुष्कळ असतात. पायरी नीट पडली हे कशावरून ओळखायचं, ते सांगणारे थोडे. “आवश्यक ते घटक बसवून घ्या” या थाटाच्या सूचना वाचल्या की मला पाककृतीतलं ‘चवीनुसार मीठ’ आठवतं. ज्याच्या जिभेला चव कळते त्यालाच ते कळतं.

आता समजा, तिनं हे सगळं पार केलं. मॉड चढला, यादीत नाव दिमाखात झळकतं आहे, आणि तरी ॲबिगेल तिचं वाक्य बोलत नाही. इथून गंमत सुरू होते. तपासण्यासाठी तिनं नवा खेळ सुरू केला असेल, तर पहिला दिवस सोमवारच असतो, पण पहिल्या भेटीत पात्र ओळखीचं वाक्य बोलतं. सोमवारचं वाक्य त्यानंतर. जुना खेळ उघडला असेल आणि ॲबिगेलशी मैत्री वाढलेली असेल, तर तेवढ्या मैत्रीसाठी खास लिहिलेलं सोमवारचं वाक्य साध्या सोमवारला मागे सारतं, कारण जास्त नेमकी नोंद आधी लागते. पाऊस असेल तर पावसाळी संवादांची फाइल वेगळी. आणि खेळात तिनं ॲबिगेलशी लग्न केलं असेल, तर बायकोच्या संवादांची फाइल तर सर्वस्वी निराळी. लग्नानंतर माणसं वेगळं बोलतात हे खेळालाही ठाऊक आहे.

ही सगळी माहिती विकीवरच्या संवादांच्या पानावर असतेच, आणि तिथे ती जितकी असेल तितकी कमीच. प्रश्न असा की ती पहिल्या पानावर ओतायची का? नाही. तशी ओतली तर पंचवीस ओळींच्या कामासाठी दहा परिच्छेदांचे अपवाद वाचावे लागतील, आणि ते कुणी वाचत नाही. उपाय दुसरा आहे: पहिलं उदाहरणच बदला. अपवाद आडवे येणार नाहीत असं काही निवडा. खेळ उघडताच दिसणाऱ्या शीर्षकाच्या चित्रावर आपलं एखादं छोटं चित्र चिकटवायला लावा. वार नाही, पाऊस नाही, मैत्री नाही. दिसलं तर जमलं, नाही दिसलं तर नाही जमलं.

याच विकीवर सी-शार्प भाषेत मॉड लिहायला शिकवणारी जी मार्गदर्शिका आहे, तिनं ही निवड फार शहाणपणानं केली आहे. तिथला पहिला मॉड खेळात काहीच बदलत नाही. खेळाडूनं कुठलंही बटण दाबलं की “अमुकनं तमुक बटण दाबलं” एवढी ओळ काळ्या खिडकीत छापतो. निरुपयोगीच म्हणायचा. पण प्रोग्राम बांधला गेला, योग्य जागी पोचला, स्मॅपीनं तो उचलला आणि खेळातल्या घटना त्याच्यापर्यंत येतात, एवढ्या चार गोष्टींचा पुरावा त्या एका ओळीत मिळतो. चांगलं उदाहरण निवडलं की पानभर खुलासे आपोआप गळून पडतात.

लोक मार्गदर्शिका कशी वाचतात याचा अभ्यास नवा नाही. १९८० च्या दशकात जॉन कॅरल हे संशोधक आयबीएममध्ये होते. कचेऱ्यांत तेव्हा नव्यानं आलेले शब्दलेखनाचे संगणक लोक कसे शिकतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईनं पाहिलं. माणसं पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नव्हती. दोन ओळी वाचून लगेच काहीतरी टाइप करायला लागायची, मधली पानं गाळायची, चुकायची, आणि चुकलो कुठे हे न कळल्यानं अडकून बसायची. पुस्तिका आणखी सविस्तर करणं हा यावरचा उतारा नव्हता. कॅरल यांनी उलटा रस्ता धरला: प्रस्तावना कापा, पहिल्या पानापासून खरं काम द्या, आणि वाचवलेली जागा चुका ओळखण्यावर आणि निस्तरण्यावर खर्च करा. १९९० मध्ये आलेल्या ‘द न्युर्नबर्ग फनेल’ या पुस्तकात हे सगळं सविस्तर आहे. नावातलं नरसाळं जर्मन लोकविनोदातलं आहे, डोक्यात थेट ज्ञान ओतणारं. ते कुठे मिळत नाही, एवढंच कॅरल यांचं म्हणणं.

दुसरी एक गोष्ट शिक्षणाच्या मानसशास्त्रातून आली. पायरी-पायरीनं सोडवून दाखवलेली उदाहरणं नवख्यांना खूप मदत करतात; तीच उदाहरणं जाणकारांना अडथळा होतात, कारण जे येतं तेच त्यांना पुन्हा वाचून बाजूला सारावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा परिणाम नीट मांडला. याचा अर्थ ‘सगळ्यांसाठी मध्यम तपशील’ नावाची चीज नसते. मध्यम तपशिलाचं पान नवख्याला अपुरं पडतं आणि जाणत्याला कंटाळवाणं वाटतं. विकीचा फायदा असा की तिथे पान तोडायला पैसे लागत नाहीत. शिकवणारं पान वेगळं, अमुक कसं करायचं ते सांगणारं वेगळं, जंत्री वेगळी, ‘असं का’ ते वेगळं, अशी चार खणांची विभागणी डॅनिएल प्रोचिडा यांनी सुचवली आहे आणि तांत्रिक लेखनात ती बरीच रुळली आहे. विकी लिहिणाऱ्यांनी ती जशीच्या तशी पाळावी असं माझं म्हणणं नाही, पण पहिला खण आणि तिसरा खण एका पानावर आले की भांडण होतं, हे खरं.

जंत्रीचं पान किती मोठं असावं? हवं तितकं. तिथे काटकसर नको. तरी जंत्रीची लांबी नेहमी लेखकाच्या हातात नसते, ती खेळाच्या रचनेवर ठरते. स्टारड्यू व्हॅलीत पूर्वी प्रत्येक वस्तूची माहिती एकाच ओळीत, तिरप्या रेघांनी तोडून लिहिलेली असायची. पार्सनिप या कंदाची ओळ घ्या: नाव, मग रेघ, मग ३५, मग रेघ, मग १०, आणि पुढे आणखी काही. ३५ म्हणजे विक्रीची मूळ किंमत आणि १० म्हणजे खाल्ल्यावर मिळणाऱ्या शक्तीशी संबंधित आकडा, हे त्या ओळीवरून कळण्याचा मार्गच नव्हता. विकीला प्रत्येक स्थानाचा अर्थ तक्त्यात लिहावा लागायचा, आणि वाचणाऱ्याला रेघा मोजाव्या लागायच्या. त्यात भर म्हणजे प्रत्येक वस्तूला क्रमांक. पार्सनिपचा २४. नव्या वस्तू घालणाऱ्या मॉडमध्ये या क्रमांकांवरून टक्कर व्हायची.

१९ मार्च २०२४ रोजी १.६ ही आवृत्ती आली आणि वस्तूंची ही माहिती नाव असलेल्या रकान्यांत गेली. किंमत या रकान्यात किंमत, वर्णन या रकान्यात वर्णन. नव्या वस्तूंना क्रमांकांऐवजी शब्दांत लिहिलेले ओळखक्रम देता येऊ लागले. एका झटक्यात विकीवरचा पुष्कळसा खुलासा अनावश्यक झाला, कारण तपशील खेळातच शिरला. खेळातल्या प्रसंगांची पटकथा मात्र अजूनही तिरप्या रेघांनीच लिहितात, आणि प्रसंगांचं पान अजूनही लांबलचक आहे. विकी फार क्लिष्ट झाली म्हणून तिच्या लेखकांना बोल लावण्याआधी ती ज्याचं वर्णन करते आहे ते किती क्लिष्ट आहे, हेही पाहायला हवं.

याच १.६ नं दुसरीही बाजू दाखवली. इतके रकाने बदलले की जुने मॉड नव्या आवृत्तीत कसे आणायचे यासाठी विकीवर स्वतंत्र, भलंमोठं पान करावं लागलं. लिहिलेला प्रत्येक तपशील कुणीतरी पुढे सांभाळायचा असतो. सांभाळणारे स्वयंसेवक असतात, त्यांच्या परीक्षा असतात, नोकऱ्या असतात, आणि काही वर्षांनी त्यांना खेळाचाच कंटाळा येतो. शिळा तपशील हा नसलेल्या तपशिलापेक्षा वाईट. पान कोरं असेल तर नवखा दुसरीकडे विचारतो. पान चुकीचं असेल तर तो स्वतःलाच बिनडोक समजतो. पडद्याची चित्रं यात सर्वात लवकर नासतात. संपादकाच्या प्रोग्रामचा एक मेनू इकडचा तिकडे झाला की बाणांनी नटलेली दहा चित्रं वाया. काही नाशवंत तपशील मात्र टाळता येत नाहीत. सी-शार्पचा मॉड, खेळ ज्या डॉट-नेट या पायावर चालतो त्याच्या ६ या आवृत्तीसाठी बांधावा लागतो, हे सांगितलंच पाहिजे, कारण संगणकावर त्याहून नवी आवृत्ती असेल तर नवखा भोळेपणानं तीच निवडतो. अशा ओळीशेजारी ती खेळाच्या कुठल्या आवृत्तीसाठी तपासली आहे, हे लिहिलं की पुरे.

आणि थांबायचं कुठे? सी-शार्प भाषा शिकवणं हे मॉडिंगच्या विकीचं काम नाही. ‘माइनक्राफ्ट’चे मॉड जावात लिहितात आणि तिथल्या मार्गदर्शिकाही जावा येतं असं धरून चालतात. त्यावर नवखे चिडतात, ते मला समजतं. पण प्रोग्रामिंगची अख्खी भाषा अर्ध्या पानात कोंबणं म्हणजे दोन्हीकडून फसवणूक. प्रामाणिक रस्ता असा: पानाच्या माथ्यावर स्पष्ट लिहा की इथे भाषा शिकवलेली नाही, ती अमुक ठिकाणी शिका, आणि भाषा न शिकताही करता येतील असे मॉड शेजारच्या पानावर आहेत. स्टारड्यू व्हॅलीच्या बाबतीत हे शेजारचं पान खरोखरच आहे, आणि बहुतेकांची हौस तिथेच भागते.

मराठी वाचकाला एक वेगळाच खड्डा लागतो. आपल्याकडच्या मुलांची पहिली इच्छा साहजिक असते: ॲबिगेलनं मराठीत बोलावं. देवनागरीत वाक्य लिहिलं, मॉड चढलाही, पण खेळाच्या टंकात देवनागरी अक्षरंच नाहीत. १.५.५ या आवृत्तीपासून नवी भाषा आणि तिच्यासाठी स्वतःचा टंक जोडायची सोय झाली आहे. पण अक्षरांची चित्रं एकापुढे एक मांडणाऱ्या पद्धतीला जोडाक्षरं कळत नाहीत, आणि ‘कि’मधली वेलांटी उच्चारात क नंतर येते पण दिसते त्याच्या आधी, हेही कळत नाही. हा सगळा तपशील नवख्यांच्या पानावर नको. तिथे एकच वाक्य हवं: तुमची लिपी रोमन नसेल तर आधी टंकाचं पान वाचा. हे वाक्य अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या लेखकाला सुचणार नाही, कारण त्याला तो खड्डा कधी लागलेलाच नाही.

म्हणून ज्यांनी नुकताच पहिला मॉड चालवला आहे त्यांना सांगणं आहे. तुम्ही कशावर अडलात हे आज तुम्हाला आठवतं. सहा महिन्यांनी तुम्हीही जाणकार व्हाल आणि ते विसराल. बहुतेक विकींवर कुणालाही खातं उघडून दुरुस्ती करता येते. नवं पान लिहायला जाऊ नका. जिथे अडलात त्या पायरीखाली एक ओळ घाला: इथे असं दिसायला हवं, नाही दिसलं तर हे तपासा.